घड्याळ मागे पडतं, पण कशाशी?

बाबांचं जुनं चावीचं एचएमटी घेऊन मी राजवाड्यामागच्या गल्लीतल्या घड्याळवाल्या काकांकडे गेले आणि तक्रार मांडली. "काका, याचा काही नेमच नाही. एक दिवस सहा सेकंद मागे पडतं, दुसऱ्या दिवशी तेवढंच पुढे जातं."

काकांनी डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवलं. "कशाशी?"

"कशाशी म्हणजे?"

"म्हणजे पुढे-मागे कोणाच्या? मिळवता कशाशी तुम्ही?"

सकाळी टीव्हीवर बातम्या लागल्या की लावते आणि रात्री झोपताना मोबाइलवर बघते, असं मी सांगितलं. कधीकधी उलटंही होतं. काकांनी घड्याळ उघडलंच नाही, परत माझ्या हातात दिलं. "आधी एकाच ठिकाणी मिळवा. आठ दिवस लिहून ठेवा. मग आणा."

आम्ही इंदूरकर घड्याळ नुसतं लावत नाही, मिळवतो. हिंदीच्या शेजारात राहून हा शब्द घरात शिरला असावा. पण तो जास्त नेमका आहे. लावायला एकटं घड्याळ पुरतं, मिळवायला समोर दुसरं काहीतरी लागतं. हे 'दुसरं काहीतरी' निवडायचं कसं, त्याबद्दल हा लेख.

आधी माझी तक्रार सोडवू. आमच्या घरचा टीव्ही खऱ्या वेळेच्या सहा सेकंद मागे आहे आणि माझं घड्याळ अगदी बरोबर चालतं असं धरा. मी सकाळी त्याच्याशी घड्याळ लावलं, म्हणजे ते जन्मतःच सहा सेकंद मागे. रात्री मोबाइलवर पाहिलं, मोबाइल बरोबर. मला वाटलं, दिवसभरात सहा सेकंद मागे पडलं. मग मोबाइलवरून दुरुस्त केलं आणि सकाळी टीव्हीशी ताडून पाहिलं, तर सहा सेकंद पुढे! बिचारं घड्याळ जागचं हललंही नव्हतं. मी दोन मोजपट्ट्यांनी एकच कापड मोजत होते.

यातून एक फरक लक्षात येतो, आणि या विषयातली निम्मी गुंतागुंत त्यानंच सुटते. घड्याळ लावणं आणि घड्याळ तपासणं ही दोन वेगळी कामं आहेत. लावताना स्रोत बरोबर हवा. तपासताना, म्हणजे घड्याळ दिवसाला किती पळतं किंवा रेंगाळतं हे काढताना, स्रोत बरोबर नसला तरी चालतो, पण तो रोज तेवढाच चुकीचा हवा. कायम पाच सेकंद मागे असणारा स्रोत, ना चार ना सहा, तपासायला उत्तम. कारण आजच्या आकड्यातून कालचा वजा केला की ते पाच सेकंद आपोआप उडतात. उलट आज बरोबर, उद्या चार सेकंद उशिरा असा लहरी स्रोत दोन्ही कामांना वाया.

लहरीपणात टीव्हीचा पहिला नंबर. डिश टीव्हीचं चित्र सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहापर्यंत जाऊन खाली येतं, त्यात पाव सेकंद जातो. तो तर क्षुल्लक. खरा उशीर होतो चित्र डिजिटल करून दाबण्यात आणि तुमच्या सेट टॉप बॉक्सनं ते पुन्हा उलगडण्यात, आणि तो वाहिनीगणिक, बॉक्सगणिक वेगळा. मोबाइलवर इंटरनेटवरून तीच वाहिनी पाहिली तर आणखी मागे. रेसकोर्स रोडजवळ राहणाऱ्या मावशीकडे हे कोणालाही शिकवावं लागत नाही. होळकर स्टेडियमवर सामना असला की आधी खिडकीतून आरडाओरडा येतो आणि टीव्हीवर गोलंदाज अजून धावतच असतो. मावशीचा नातू त्यावर पैजा लावून आइस्क्रीम मिळवतो. तर, बातम्यांच्या कोपऱ्यातल्या घड्याळावरून मिनिट पाहावं, सेकंद पाहू नये.

रेडिओची पिप-पिप ही आमच्या आधीच्या पिढीची मोजपट्टी. बाबा मालवा हाउसच्या आकाशवाणीवर दिल्लीच्या बातम्या सुरू होण्याआधी चावी ओढून बसायचे. आज स्टुडिओ ते ट्रान्समीटर या वाटेत उपग्रह आणि डिजिटल यंत्रं आली की थोडा उशीर होतोच, पण साध्या रेडिओसंचावर तो बराच स्थिर राहतो. फोनमधल्या रेडिओ ॲपवर मात्र नाही. ॲप आधी काही सेकंदांचा आवाज साठवतं आणि मग वाजवतं. किती साठवायचं ते त्या दिवशीच्या नेटवर अवलंबून.

गंमत म्हणून सांगते, घंटाघराचा टोल सुद्धा तपासायला चालला असता. १९०४ सालच्या गांधी हॉलच्या मनोऱ्यातून टोल पडला आणि तुम्ही एक किलोमीटरवर असाल, तर सेकंदाला साधारण ३४० मीटर या वेगानं तो तुमच्यापर्यंत तीन सेकंदांनी पोचेल. पण रोज त्याच खिडकीत बसून ऐकलात तर रोज तीनच सेकंद. टीव्हीपेक्षा भला.

आता मोबाइल. बहुतेकांचा स्रोत हाच, म्हणून यावर जरा थांबू. मोबाइलला वेळ तीन वाटांनी मिळू शकते: मोबाइल कंपनीच्या टॉवरकडून, इंटरनेटवरच्या सर्व्हरकडून आणि उपग्रहांकडून. फोन यातली कुठली वाट धरतो ते त्याच्या कंपनीवर आणि सेटिंगवर ठरतं. टॉवरकडून येणारी वेळ पूर्ण सेकंदातच सांगितलेली असते, त्यापुढचे तुकडे नसतात, आणि ती किती काटेकोर ठेवायची हे त्या त्या कंपनीच्या यंत्रणेवर. त्यामुळे दोन सिमकार्डांचे दोन फोन शेजारी ठेवले आणि मिनिट बदलताना पाहिलं तर कधीकधी एक आधी उडी मारतो, दुसरा नंतर.

इंटरनेटची वाट जास्त हुशार आहे. समजा घरातलं घड्याळ बंद पडलंय आणि तुम्ही पुतण्याला कोपऱ्यावरच्या वाण्याकडे 'किती वाजले' विचारायला पाठवलं. तो परत येऊन म्हणाला, दहा वाजले. पण दहा तर तिथे वाजले होते, मग यायला लागलेला वेळ गेला कुठे? तुम्ही हातातल्या स्टॉपवॉचवर पाहिलंत: जाऊन-येऊन चार मिनिटं. म्हणजे येताना दोन लागली असणार. घरी आता दहा वाजून दोन मिनिटं. तुमचा फोन सर्व्हरशी नेमका हाच हिशेब करतो, फक्त मिनिटांऐवजी मिलिसेकंदांत.

यात चूक कुठे शिरते? पुतण्या सुटला तो थेट वाण्याकडे गेला, पण परतताना कचोरीच्या गाडीपाशी रेंगाळला. मग जाण्याचं एक मिनिट आणि येण्याची तीन, आणि तुमचं अर्धं-अर्धं गणित एका मिनिटानं चुकलं. नेटवरही असंच होतं, जाणारी वाट मोकळी आणि येणारी तुंबलेली. पण एक दिलासा आहे: पोरगा कितीही रेंगाळला तरी चूक एकूण फेरीच्या निम्म्याहून जास्त होऊ शकत नाही. चार मिनिटांची फेरी, तर चूक फार तर दोन मिनिटं. नेटवरची फेरी ५० मिलिसेकंदांची असेल, तर चूक फार तर २५. मनगटावरच्या घड्याळासाठी हे अमृततुल्य आहे. आपल्या डोळ्यानं पाहून बोटानं प्रतिसाद द्यायलाच साधारण पाव सेकंद जातो.

म्हणून चालू सेकंद दाखवणारं आणि आपली चूक किती असू शकते तेही सांगणारं संकेतस्थळ, घरच्या वायफायवर, हा माझा स्रोत. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या, म्हणजे एनपीएलच्या संकेतस्थळावरही भारतीय प्रमाणवेळ दिसते. फोनमध्ये 'आपोआप वेळ' हे सेटिंग मात्र चालू ठेवा. आमच्याकडे एका चुलतभावानं बस चुकू नये म्हणून ते बंद करून फोन पाच मिनिटं पुढे ठेवला होता आणि नंतर विसरला. वर्षभर सगळं कुटुंब त्याच्या फोनशी घड्याळं मिळवत होतं.

जीपीएसबद्दल थोडंच. प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असतं, त्यामुळे वेळ अव्वल. पण पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखायला १९७२पासून जागतिक वेळेत मधूनमधून एक जादा सेकंद घालतात. आजवर असे २७ घातले गेले. शेवटचा आपल्याकडे १ जानेवारी २०१७ला पहाटे साडेपाचच्या ठोक्याआधी आला. त्या दिवशी ५:२९:५९ नंतर ५:२९:६० वाजले. जीपीएसची स्वतःची वेळ १९८०पासून हे जादा सेकंद घेतच नाही, म्हणून ती आज १८ सेकंद पुढे आहे. किती वजा करायचे तो निरोप उपग्रह साडेबारा मिनिटांतून एकदा पाठवतो. बरेच दिवस बंद असलेलं यंत्र सुरू करून लगेच त्यावरून घड्याळ लावू नका, एवढाच याचा अर्थ. चहा करून या.

आणि ज्यांनी परदेशातून 'अणुघड्याळाशी आपोआप जुळणारं' रेडिओचं मनगटी घड्याळ मागवलंय त्यांच्यासाठी एक वाईट बातमी. ती घड्याळं जर्मनी, ब्रिटन, अमेरिका, जपान आणि चीन इथल्या दीर्घलहरी केंद्रांचे संकेत ऐकतात. भारतात तसं केंद्र नाही. इंदूरच्या गच्चीवर रात्रभर ठेवलं तरी ते बहुधा ऐकतच बसेल आणि साध्या सेलच्या (क्वार्ट्झ) घड्याळासारखं चालेल. ब्लूटूथनं फोनशी जुळणारं किंवा जीपीएसचं असेल तर ठीक.

आता काकांचा प्रश्न वरवर नेऊ. माझं घड्याळ मिळालं संकेतस्थळाशी. संकेतस्थळ कशाशी? कुठल्यातरी देशाच्या प्रयोगशाळेतल्या अणुघड्याळांशी. आपल्या प्रमाणवेळेचा सांभाळ एनपीएल करते, सिझियमची घड्याळं आणि हायड्रोजन मेसर (हेही अणुघड्याळच) वापरून. सिझियम का, तर १९६७पासून सेकंदाची व्याख्याच त्याच्यावर बेतली आहे: सिझियम-१३३च्या अणूतल्या एका ठरावीक प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आंदोलनं म्हणजे एक सेकंद. बरं, मग एनपीएल कशाशी मिळवते? पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय वजनमापे कार्यालयाशी. आणि ते? त्यांच्याकडे एखादं गुरुघड्याळ तळघरात टिकटिकत असेल असं मला बरीच वर्षं वाटत होतं. तसं काही नाही. जगभरच्या ८०च्या आसपास प्रयोगशाळांतली चारशेहून जास्त घड्याळं एकमेकांशी ताडून त्यांची भारित सरासरी काढतात (भरवशाच्या घड्याळाला जास्त वजन), आणि तीच जगाची वेळ. ही सरासरी निघते महिना उलटल्यावर! मग एक तक्ता येतो: गेल्या महिन्यात अमुक प्रयोगशाळा इतके नॅनोसेकंद पुढे होती, तमुक इतके मागे. म्हणजे तिथेही काकांचीच पद्धत आहे. मिळवा, लिहून ठेवा, मग आणा.

सूर्याचं काय, असं आमची आत्या विचारते. तिचा घड्याळावर विश्वास नाही. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६पासून ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरली, ती रेषा प्रयागराज-मिर्झापूरकडून जाते. इंदूर ७५.८६ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणून आपला सूर्य घड्याळाच्या सरासरी साडेसव्वीस मिनिटं मागे चालतो. त्यात पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळ आणि अक्ष कललेला, त्यामुळे खरी मध्यान्ह नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास, तर फेब्रुवारीच्या मध्याला १२:४०ला. उज्जैन इथून तास-दीड तासावर. प्राचीन ज्योतिर्विदांची शून्य रेखा तिथून जायची, आणि सवाई जयसिंहांच्या वेधशाळेतलं सम्राट यंत्र आजही सावलीनं वेळ दाखवतं. पण ती उज्जैनच्या सूर्याची वेळ. तिच्यात सुमारे २७ मिनिटं आणि त्या दिवसाची दुरुस्ती मिळवल्याशिवाय ती तुमच्या मनगटाशी जुळायची नाही. सूर्य चुकत नाही हे आत्याचं म्हणणं खरंच आहे, तो फक्त आपल्या प्रमाणवेळेत नाही. याच कारणानं संकष्टीला मुंबईच्या दिनदर्शिकेतला चंद्रोदय इंदुरात चालत नाही. नुसत्या रेखांशाच्या हिशेबानं आपल्याकडे चंद्र बारा मिनिटं आधी उगवतो. मुंबईनं तर 'बॉम्बे टाइम' नावाची, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागची आपली वेगळी वेळ १९५५पर्यंत धरून ठेवली होती. मोदक तिथेही वेळेवरच मिळत असणार.

परत वहीकडे. काकांनी सांगितल्यावर मी केलं ते असं. रोज सकाळी साडेसातला, चावी देण्याआधी, लॅपटॉपच्या पडद्यावर चालू सेकंदांचं संकेतस्थळ उघडायचं, त्याच्यासमोर घड्याळ धरायचं आणि दोन्ही एका चौकटीत येतील असा फोनवर दोन-तीन सेकंदांचा व्हिडिओ घ्यायचा. मग तो थांबवून थांबवून पाहायचा. डोळ्यांनी 'आत्ता!' म्हणण्यात जी अर्ध्या सेकंदाची गडबड होते ती यात राहत नाही. फरक वहीत लिहायचा. घड्याळ दुरुस्त करायचं नाही! हे अवघड जातं, हात शिवशिवतात. पण रोज काटा हलवलात तर रोज नवी चूक घालाल. बाबांच्या घड्याळाचा सेकंदकाटा चावी ओढल्यावर थांबत नाही, त्यामुळे ते सेकंदावर लावण्याचा प्रश्नच नव्हता. तपासायला लावण्याची गरजच नसते, फरक लिहिला की झालं.

दिवस जास्त का? समजा प्रत्येक नोंदीत अर्ध्या सेकंदाची चूक होऊ शकते. एकाच दिवसाच्या दोन नोंदींत मिळून ती एक सेकंद, आणि उत्तरही दिवसाला एक सेकंदानं डळमळीत. तीच एक सेकंदाची चूक आठ दिवसांवर पसरली की दिवसाला सेकंदाचा आठवा भाग उरतो. महाग स्रोत घेण्यापेक्षा जास्त दिवस थांबणं स्वस्त. माझी पहिली नोंद अधिक १२ सेकंद, आठ दिवसांनंतरची अधिक ८४. बहात्तर भागिले आठ, दिवसाला नऊ सेकंद पुढे. लहरी वगैरे काही नाही, एकमार्गी पळणारं घड्याळ.

चावीच्या घड्याळाला दिवसाला नऊ सेकंद हे वाईट नव्हे. दिवसात ८६,४०० सेकंद, त्यात नऊ म्हणजे दहा हजारांत एक. स्वित्झर्लंडमध्ये क्रोनोमीटर म्हणून प्रमाणपत्र मिळवणाऱ्या यंत्रालाही दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी मुभा आहे. रात्री ठेवण्याच्या पद्धतीनंही फरक पडतो: तबकडी आभाळाकडे करून ठेवलं तर एक चाल, चावी खाली करून उभं ठेवलं तर दुसरी. नोंदी घेताना यातही रोज तेच करा.

सेलच्या घड्याळाची गोष्ट वेगळी. त्यातला क्वार्ट्झचा चिमटा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि साधं घड्याळ महिन्याला साधारण पंधरा सेकंदांच्या आत राहतं. त्याला आठ दिवस पुरत नाहीत, महिनाभर थांबा. आणि ते हातावर असताना मोजा. हे चिमटे २५ अंश सेल्सियसच्या आसपास सर्वांत वेगानं चालतात. त्याहून गरम झाले किंवा थंड झाले, दोन्हीकडे मंदावतात. मनगटाच्या उबेत फरक नगण्य. पण मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ४० अंशांवर पडून राहिलं तर दिवसाला अर्ध्या-पाऊण सेकंदानं जास्त मागे पडतं. दोन महिन्यांत चाळीसेक सेकंद. लग्नात घालायला म्हणून जपून ठेवलेलं घड्याळ नेमकं लग्नाच्या दिवशी मागे का, त्याचं एक कारण हे.

आणि हा सगळा खटाटोप करायचाच का? ऑफिसला जायला मोबाइलवर मिनिट बदलताना काटा लावला तरी आयुष्य सुरळीत चालतं. शताब्दी असो की सिटी बस, दोन-चार सेकंदांवर कोणाचंही काही अडत नाही. पण घड्याळ दुरुस्तीला द्यायचं असेल, किंवा दुरुस्त होऊन आल्यावर पैसे वसूल झाले का ते पाहायचं असेल, तर वही लागतेच.

आठ दिवसांनी काकांकडे गेले. त्यांनी आधी घड्याळ न उघडताच एका छोट्या यंत्राच्या चिमट्यात धरलं. ते यंत्र टिकटिक ऐकून चाल सांगतं. पडद्यावर आलं, दिवसाला अधिक १४.

"माझ्या वहीत नऊ आहे," मी म्हणाले. आणि मग राहवलं नाही. "काका, तुमचं मशीन कशाशी मिळवलंय?"

"आत क्वार्ट्झ आहे, त्याच्याशी," काका मिशीत हसले. "मशीन बरोबरच आहे हो ताई. पण त्यानं अर्धा मिनिट ऐकलं, एका कुशीवर. तुम्ही आठ दिवस हातावर घातलंत. वही कशावरून लिहिली?"

"एकाच संकेतस्थळावरून, रोज साडेसातला."

"काटा हलवला नाहीत ना मध्ये?"

"नाही."

काकांनी वही दिव्याखाली धरून सगळे आकडे वाचले. मग भिंग डोळ्यावर ओढलं, घड्याळ उपडं केलं आणि मागचं झाकण उघडलं.